काळ्या कापडावरचा धावदोरा

आईचे डोळे तपासायला आम्ही दर तीन महिन्यांनी कॅम्पात जायचो. कॅम्प म्हणजे उल्हासनगर. नवं नाव पडून काही वर्षं झाली होती, पण अंबरनाथला आमच्या कारखान्याच्या कॉलनीत ते कुणी वापरत नसे. बाबांना रजा मिळणं अवघड होतं, आणि मिळाली असती तरी न दुखणाऱ्या डोळ्यांपायी ती घालवायला आई तयार नव्हती. म्हणून तिच्याबरोबर मी जायचे.

मी जाण्याला आणखी एक कारण होतं. डॉक्टर सिंधी होते, फाळणीनंतर कराचीहून बोटीने आलेले, साठीच्या आसपासचे. त्यांना मराठी येत नव्हतं. आईचं हिंदी भाजीवाल्यापुरतं. बाबांची इकडे बदली होईपर्यंत मी खडकीला इंग्रजी शाळेत शिकले होते, आणि तिथल्या छावणीतल्या मुलींमुळे मला हिंदीही येत होतं. त्यामुळे सतरा वर्षांची मी त्या दोघांच्या मध्ये एका स्टुलावर बसायचे आणि इकडचं बोलणं तिकडे करायचे. तशी मी अबोल. कुणी घरी आलं की मी आतल्या खोलीत जाऊन बसे, आणि आई पाहुण्यांना सांगे, "आमच्या हिच्या तोंडाला इंग्रजी शाळेने कुलूप लावून पाठवलंय. किल्ली खडकीलाच राहिली." पण डॉक्टरांच्या खोलीत मला बोलणं जड जात नसे. दुसऱ्याचं बोलणं बोलायला मला कधीच लाज वाटली नाही. त्यात आपलं काही नसतं.

सुरुवात चष्म्यापासून झाली. आई हातमशीनवर कॉलनीतल्या बायकांची पोलकी, मुलींचे परकर, बाळंतविड्याची झबली शिवत असे. तिच्या हाताला सफाई होती. काजं ती अशी करी की आतली आणि बाहेरची बाजू सांगता येऊ नये. त्या वर्षी तिला सुईत दोरा ओवता येईना. चाळिशी लागली, दुसरं काय, म्हणून आम्ही चष्म्यासाठी कॅम्पात गेलो. डॉक्टरांनी चष्म्याचा नंबर काढला, मग एक लहानसा दिवा तिच्या डोळ्याजवळ धरून बराच वेळ आत बघितलं. दुसऱ्या डोळ्यात बघितलं. पुन्हा पहिल्यात. मग चष्म्याचा कागद बाजूला सारून ठेवला.

ते म्हणाले, काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढलाय, त्याने आतली नस हळूहळू सुकते. गेलेली नजर परत येत नाही. राहिलेली राखता येते. त्यासाठी दिवसातून तीनदा औषधाचे थेंब, आणि दर तीन महिन्यांनी तपासणी.

"किती दिवस?" आईने विचारलं. मी ते विचारलं.

"जब तक आँख है," डॉक्टर म्हणाले.

मी आईला "कायमचं" एवढंच सांगितलं.

कॉलनीत ही बातमी वेगळ्याच रूपात पसरली. शेजारच्या काकू भिंतीवरून म्हणाल्या, "मोतीबिंदू ना? मग घाई कशाला करता? पिकू दे की. पिकला की काढतात. आमच्या सासूबाईंचा काढला."

"मोतीबिंदू नाही हो, काचबिंदू."

"बघा बाई. मोती काढतात तर काच कशाला ठेवतील?"

आई हसली. पण काकूंचं म्हणणं तिला डॉक्टरांपेक्षा पटण्यासारखं होतं, हे मला दिसत होतं. कारण तिला कसलाही त्रास नव्हता. दुखत नव्हतं, पाणी येत नव्हतं, लाली नव्हती. नवा चष्मा लागल्यावर दोराही ओवता यायला लागला. "समोरच्या ब्लॉकवर वाळत घातलेल्या लुगड्याचे काठ सांगू का कुठले ते?" ती मला म्हणायची, आणि बरोबर सांगायची.

त्रास होता तो थेंबांचा. थेंब घातला की डोळ्यातली बाहुली आक्रसून मोहरीएवढी होई. भुवईच्या वर ठणका लागे. आणि उजेड कमी होई. स्वयंपाकाला त्याची फारशी अडचण नव्हती. सकाळचा थेंब ती घालून टाकी आणि सवयीने भाकऱ्या थापी. पण दुपारचा थेंब बारा-एकला घालायचा, आणि तिची शिवायची वेळ तीच. खिडकीशी चांगला उजेड तेव्हाच असे. "थेंब घातला की माझी दोन वाजताच दिवेलागण होते," ती म्हणायची. पहिले काही आठवडे तिने डोळे किलकिले करून शिवायचा प्रयत्न केला. एका परकराची पट्टी तिरकी गेली. ती तिने उसवून पुन्हा घातली.

त्यानंतर दुपारचा थेंब बंद झाला. मग रात्रीचा, झोपताना कशाला ठणका लावून घ्यायचा म्हणून. मग सकाळचाही कधी असे, कधी नसे. हे मला एकदम कळलं नाही. बाटल्यांवरून कळलं.

डॉक्टर तीन महिन्यांच्या तीन तपकिरी बाटल्या देत, आणि पुढच्या खेपेला रिकाम्या परत मागत. बाटल्यांची तेव्हा चणचण असे. दुसऱ्या तपासणीच्या तीन दिवस आधी आईने मला घड्याळ बघायला सांगितलं आणि थेंब घालायला सुरुवात केली. सकाळ, दुपार, रात्र, मिनिटाचाही उशीर नाही. तपासणीच्या आदल्या दिवशी मी मोरीत पाय धुवायला गेले, तर ती तिथे उभी राहून बाटल्या उपडी करत होती. दोन तर जवळजवळ भरलेल्या होत्या. त्या तिने रिकाम्या केल्या, विसळल्या, पुसल्या, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बघतेस काय? जुनं झालं होतं."

मी पाय धुऊन आत आले.

तिचं वागणं समजायला आमची कॉलनी माहीत असायला हवी. वर्षातून एकदा मोठे साहेब क्वार्टर्सच्या इन्स्पेक्शनला येत. आठवडाभर आधी वर्दी मिळे. मग रस्त्याकडेच्या दगडांना चुना लागे, गळणाऱ्या नळाला चिंधी बांधली जाई, अंगणातली कोंबडी शेजारच्या मोरिवली गावात कुणाच्या तरी ओळखीच्या घरी पाहुणी जाई. साहेब येत, मान हलवत, जात. चिंधी सुटे, कोंबडी परते. यात कुणी कुणाला फसवतंय असं कुणालाच वाटत नसे. इन्स्पेक्शन पास होणं हे घर नीट ठेवण्याचाच एक भाग होता, आणि आईचं घर एकदाही नापास झालं नव्हतं. डोळ्यांची तपासणीही तिने त्याच रांगेत बसवली होती.

आम्ही सकाळी टांग्याने निघायचो. मोरिवलीच्या बाजूची भातखाचरं मागे पडली की लष्कराने बांधलेल्या लांबच लांब बराकी सुरू होत. एकेका बराकीत आठ-दहा बिऱ्हाडं. मध्ये पडदी नाहीतर तरट. बाहेर खाटांवर पापड वाळत असत. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी आई एका दुकानात बटणं आणि रिळं बघायची. दुकानदार म्हातारा होता, तिला बघितलं की रिळांचा खोका आपणहून काढायचा. "ये देखो अम्मा, पक्का रंग." आई रीळ खिडकीशी नेऊन उलटसुलट करी. "पक्का बोलता है, धोने के बाद क्या बोलेगा?" तो हसायचा. ती एवढ्या मोकळेपणाने दुसऱ्या कुणाशी हिंदी बोलत नसे.

डॉक्टरांचा दवाखाना म्हणजे बराकीचा शेवटचा हिस्सा. पुढे दवाखाना, तरटाच्या मागे घर. डॉक्टरीणबाई पांढऱ्या सलवार-कमीजमध्ये असत. त्याच पेशंटला आत नेत, डोळे बधिर करायचं औषध घालत, पापण्या धरत. दाब मोजायचं यंत्र एका लाकडी डबीत होतं. कराची सोडताना डॉक्टरांनी बाकी सगळं मागे ठेवलं आणि ही डबी तेवढी शालीत गुंडाळून आणली, असं बाईंनी मला सांगितलं होतं. आई बाकावर उताणी झोपे. डॉक्टर ते यंत्र तिच्या उघड्या डोळ्यावर अलगद उभं करत. वरचा काटा थरथरून थांबे. ते आकडा वाचत, एका तक्त्यात बघत, आणि वहीत लिहीत. आई श्वास रोखून असे. "क्या बोला काटा?" ती उठायच्या आधीच विचारी.

"अच्छा बोला. बहुत अच्छा. बहन, थेंब रोज़ डालती हो?" 'थेंब' हा एक मराठी शब्द ते आईकडून शिकले होते.

"विचारतायत, रोज घालतेस का," मी म्हणायचे, खरं तर तिला ते कळलेलं असे.

"सांग, रोज."

"रोज़," मी म्हणायचे.

चार तपासण्यांना मी हे म्हणाले. दर वेळी मला वाटे, विचारलं त्यांनी, उत्तर दिलं तिने, मी फक्त मधली. घरी आलो की बाबा विचारत, "काय म्हणाले?" आई म्हणे, "चांगलं आहे म्हणाले." बाबा म्हणत, "मग झालं," आणि चहाचा कप उचलत. ते कारखान्यात तयार मालाची मापं तपासायच्या विभागात होते. घरात त्यांना कुठलीच मापं तपासावीशी वाटत नसत.

चौथ्या खेपेला बाकावर आमच्या शेजारी एक म्हातारा बसला होता. बदलापूरच्या पलीकडे डोंगरातल्या पाड्यावरचा. सून त्याला हाताला धरून घेऊन आली होती. तो मान वळवून वळवून बोलणाऱ्याकडे बघायचा प्रयत्न करत होता, पण बघत होता भलतीकडेच. आईने सुनेला विचारलं, "काय झालंय यांना?"

उत्तर म्हाताऱ्यानेच दिलं. "काय न्हाय झाला. दुखला असता तर आलो असतो. दुखलाच न्हाय."

आई त्यानंतर बटणांच्या पुडीशी चाळा करत बसली. टांग्यात ती म्हणाली, "फार म्हातारा होता." तो तेवढा म्हातारा नव्हता. परत आल्यावर तिने आठ-दहा दिवस तिन्ही थेंब घातले. मग कुणाच्या तरी लग्नाची शिवणं आली.

दाबाखेरीज दुसरी एक तपासणी असे, समोर बघताना बाजूचं कुठवर दिसतं याची, आणि आईला ती जास्त आवडे. भिंतीवर एक मोठं काळं कापड ताणून लावलेलं होतं. मध्यभागी पांढरं बटण. आईने एक डोळा झाकून समोर खुर्चीत बसायचं आणि बटणावरून नजर हलवायची नाही. डॉक्टर काळ्या काडीच्या टोकाला लावलेला पांढरा मणी कापडावरून हळूहळू फिरवत. मणी दिसेनासा झाला की तिने "गेला" म्हणायचं, पुन्हा दिसला की "आला". हे दोन शब्दही डॉक्टर शिकले होते. तिने "गेला" म्हटलं की तिथे ते काळ्या डोक्याची टाचणी टोचत. शेवटी टाचण्या बघून कागदावर ठिपके काढत.

त्या कापडावर काळ्याच दोऱ्याने गोल शिवलेले होते, एकात एक. पेशंटला ते दिसू नयेत आणि डॉक्टरांना जवळून दिसावेत म्हणून. पहिल्याच दिवशी आई खुर्चीतून उठून कापडापाशी गेली होती आणि तिने बोट फिरवलं होतं. "हे कुणी शिवलं?"

"मैंने," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"तिसऱ्या गोलाला टाका सैल पडलाय."

मी हे सांगू की नको अशा विचारात होते, तेवढ्यात बाईंनी स्वतःच तिथे बोट फिरवलं आणि मान डोलावली. "उस दिन बिजली गई थी." तेव्हापासून दोघींचं जमलं.

पाचव्या तपासणीला काळ्या कापडाला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. डावा डोळा झाल्यावर डॉक्टरांनी तो पुन्हा केला. मग आधीच्या खेपेचा कागद काढून दोन्ही शेजारी ठेवले. काटा नेहमीसारखाच चांगला बोलला होता. बाहुल्या मोहरीएवढ्या होत्या. आई खुर्चीत बसून वाट बघत होती.

डॉक्टर माझ्याकडे वळून इंग्रजीत बोलायला लागले. ते असं पहिल्यांदाच करत होते. आईसमोर नेहमी हिंदीच बोलत, म्हणजे तिला निदान अर्धं कळावं. ते म्हणाले, दाब ताब्यात आहे, औषध नियमित चाललंय, तरीही डाव्या डोळ्याची नजर नाकाच्या बाजूने आत सरकते आहे. याचा अर्थ या बाईंच्या डोळ्यांना एवढा कमी दाबही सोसत नाही. अशा वेळी थेंबांवर विसंबून चालत नाही. मुंबईला पाठवावं लागेल, शस्त्रक्रियेला. त्यात धोका असतो. कधीकधी राहिलेली नजरही जाते. पण हातावर हात ठेवून बसलो तर ती जाणारच आहे. "तुझ्या वडिलांना एकदा घेऊन ये," ते म्हणाले. "आईला आत्ता किती सांगायचं ते तू ठरव."

मला आठवतं, तरटामागे कुणीतरी पोळीला तूप लावत होतं, त्याचा वास येत होता. आई म्हणाली, "काय म्हणतायत एवढं? इंग्रजीत का बोलतायत?"

मी कागदांवरचे ठिपके बघत राहिले.

"अगं, सांग ना. नापास झाले का काय?"

मी डॉक्टरांकडेच बघून इंग्रजीत म्हणाले, ती थेंब घालत नाही. फक्त तपासणीच्या आधी तीन दिवस घालते. बाकीचं औषध मोरीत ओतते. पहिल्यापासून.

एवढं लांब बोलणं मी त्या खोलीत कधी स्वतःचं म्हणून बोलले नव्हते. मधला भाग मला पुन्हा म्हणावा लागला. डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. मला वाटलं ते रागावतील. त्यांनी फक्त विचारलं, "आणि तू?" माझ्या उत्तराची वाट न बघता ते त्या दोन कागदांकडे वळले. मग हिंदीत म्हणाले, "अच्छा हुआ. अभी काटने की बात नहीं." थेंब अजून हरले नव्हते; ते घातलेच गेले नव्हते.

आईला इंग्रजी येत नव्हतं, पण चेहरे वाचता येत होते. "काय सांगितलंस तू?"

"जे आहे ते."

"कुणी विचारलं होतं तुला?"

ते खरंच कुणी विचारलं नव्हतं.

डॉक्टर आईशी रागाने बोलले नाहीत. त्यांनी बायकोला सिंधीत काही सांगितलं. बाई तरटामागून सुई आणि पांढरा दोरा घेऊन आल्या. डॉक्टर पहिल्या खेपेच्या कागदावरून कापडावर टाचण्या टोचत गेले आणि बाईंनी त्यांच्या कडेने लांब टाक्यांचा धावदोरा घातला. मग आजच्या टाचण्यांच्या कडेने दुसरा. ही कामं बाई झरझर करत होत्या. आई, रागावलेली असूनही, त्यांच्या हाताकडे बघत होती.

"बहन, इधर आओ. हाथ लगाओ."

आई उठली. दोन्ही दोऱ्यांच्या मध्ये तिने आडवी बोटं ठेवली. एका टोकाला एक बोट मावत होतं. नाकाच्या बाजूला तीन.

"हे काय आहे?" तिने मला नाही, बाईंना विचारलं. मग माझी गरज आहे हे लक्षात येऊन माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, बाहेरचा दोरा गेल्या वर्षीच्या नजरेचा, आतला आजचा.

ती बोटं तिथेच ठेवून उभी राहिली. "तीन बोटं आत घेतलंय," ती म्हणाली. पोलकं आत घेण्याबद्दल बोलावं तसं. मग म्हणाली, "विचार, पुन्हा उसवता येईल का. आतला दाबून ठेवलेला भाग शिल्लक असतोच."

मी विचारलं. डॉक्टर समजले. त्यांनी हाताची दोन बोटं कात्रीसारखी केली. "दबाया नहीं है, बहन. कट गया."

ते मला भाषांतर करून सांगावं लागलं नाही.

टांग्यात आई माझ्याशी बोलली नाही. रिळांच्या दुकानासमोरून टांगा गेला, म्हातारा खोका काढायला लागला, तिने मान दुसरीकडे वळवली. घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "काय म्हणाले?" मी आत निघून गेले. मला वाटलं होतं, ती म्हणेल, चांगलं आहे म्हणाले. पण तिने स्वतःच सगळं सांगितलं, मोरीतल्या बाटल्यांसकट. बाबा म्हणाले, "तपासायच्या दिवशी माप बरोबर भरतंच गं. आमच्याकडे म्हणून दिवस कळवत नाहीत." ते रागावून म्हणाले नव्हते, पण आईला ते लागलं. ती म्हणाली, "मग तुम्ही एकदा तरी न कळवता तपासायचंत." त्यावर बाबांनी कप खाली ठेवला.

माझ्याशी तिने पाच-सहा दिवस अबोला धरला. कामापुरतं बोले; तेही भिंतीशी बोलावं तसं. "कुणाला पानं वाढायची असतील तर वाढा." एकदा काकू भिंतीवरून म्हणाल्या, "काय हो, मायलेकींचं काय बिनसलंय?" तर आई म्हणाली, "काही नाही. आमच्या कुलपाला किल्ली सापडली." हे मी आतून ऐकलं. रागावून म्हणाली की कसं, ते मला आवाजावरून ठरवता आलं नाही.

या दिवसांत तिने दिवस नव्याने बेतला. शिवण सकाळवर घेतली. स्वयंपाक पहाटे उरकून आठ ते बारा ती शिवायला बसायला लागली; खिडकीशी उजेड दुपारइतका नसे, त्यात सकाळचा थेंब, म्हणून मशीन बाबांनी पुढच्या दारात हलवून दिली. बाराचा कारखान्याचा भोंगा झाला की मशीनवर फडकं आणि डोळ्यात थेंब. सकाळचा सातच्या भोंग्याला. भोंगा चुकत नाही आणि त्याला मस्का लावता येत नाही, असं ती म्हणायची. रात्रीच्या थेंबाला भोंगा नव्हता. सातव्या दिवशी रात्री जेवणं झाल्यावर ती बाटली घेऊन माझ्यासमोर येऊन बसली, मान मागे टाकली आणि म्हणाली, "तू घाल. साक्षीदाराशिवाय आमचं कोण खरं मानणार?"

मी थेंब घातला. पहिला गालावर पडला. "नीट घाल," ती डोळे मिटून म्हणाली. "औषध फुकट घालवू नये."

दुपारी तिला पूर्वीसारखं शिवता येत नसे. ती ओट्यावर बसे, बायकांशी बोले, आणि हातशिलाईची कामं मला देई. माझे टाके तिला कधीच पसंत पडले नाहीत. चष्मा असून, बाहुली मोहरीएवढी असून, ती ते बोटाने ओळखायची आणि उसवायला लावायची.

सहाव्या तपासणीला जाताना तीन बाटल्या होत्या. दोन रिकाम्या, तिसरीच्या तळाशी थोडंसं औषध. ते तिने ओतलं नाही. काटा नेहमीचाच आकडा बोलला. वर्षभर फसवून आणलेला आकडा आणि हा, डॉक्टरांच्या वहीत एकाखाली एक सारखेच दिसत होते.

"बहन, थेंब रोज़?" डॉक्टरांनी विचारलं आणि सवयीने माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं, तर आईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"दो टाइम भूली," ती म्हणाली. थोडं थांबून, "और एक टाइम भूली नहीं. नहीं डाली. शादी का पोलका था."

डॉक्टरांनी वहीत ते लिहिलं. मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "पोलका कैसा बना?"

"अच्छा बना."

डॉक्टरीणबाई हसल्या. काळं कापड पुन्हा कोरं होतं. मणी नीट दिसावा म्हणून पांढरे धावदोरे त्यांनी त्याच दिवशी काढून टाकले होते. आईने डोळा झाकला, बटणावर नजर लावली, आणि "गेला", "आला" म्हणत गेली. मी स्टुलावर बसून होते. मला काही काम नव्हतं. डाव्या डोळ्याच्या शेवटच्या टाचण्या टोचून झाल्या तेव्हा डॉक्टरांनी कागदाकडे बघितलं, पण आईने त्यांना बोलू दिलं नाही. ती उठून कापडापाशी गेली आणि टाचण्यांच्या कडेने बोट फिरवायला लागली. धावदोरा निघाला तरी सुईची भोकं राहतात. बारीक असतात, डोळ्याला दिसत नाहीत, पण जिला माहीत आहे तिच्या बोटाला लागतात.

नाकाच्या बाजूला, आतल्या धावदोऱ्याची भोकं आजच्या टाचण्यांना लागूनच होती तिथे, तिचं बोट थांबलं. तिने बाईंचा हात धरून तिथे नेला.

"वहीं है ना?"

बाईंनीही चाचपून बघितलं. "वहीं है."

आईने पदराने बोट पुसलं, चष्मा घातला आणि मला म्हणाली, "चल. त्या म्हाताऱ्याकडून काळी रिळं घ्यायची आहेत."